मास्टर कृष्णराव खरोखर हरले होते का?

१/८
‘वंदे मातरम्’ राष्ट्रगीत का झाले नाही, या वादात मास्टर कृष्णराव फुलंब्रीकरांचे नाव हमखास निघते, तेही ‘डावललेला कलावंत’ म्हणून. माझ्या मते हे वर्णन त्यांना लहान करते.

२/८
जन्म १८९८, आळंदी. आडनाव मात्र आपल्या मराठवाड्यातील फुलंब्रीचे. गुरू भास्करबुवा बखले. पुढे गंधर्व नाटक मंडळीच्या नाटकांना आणि प्रभातच्या ‘धर्मात्मा’, ‘माणूस’, ‘शेजारी’ या चित्रपटांना त्यांनी संगीत दिले.

३/८
१९४७ साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत भारताचे गीत वाजवण्याची वेळ आली, तेव्हा वाद्यवृंदाला ‘जन गण मन’ची ध्वनिमुद्रिका देण्यात आली. २५ ऑगस्ट १९४८ रोजी नेहरूंनी संविधान सभेत भूमिका मांडली: राष्ट्रगीतात शब्दांहून चाल महत्त्वाची, आणि ‘वंदे मातरम्’ची चाल वाद्यवृंदाला सहज पेलणारी नाही.

४/८
हा आक्षेप नीट समजून घ्यावा. आमच्या पोखर्णीसारख्या गावात देवळात भजन रंगते, तेव्हा सारे एकच चाल गातात. पाश्चात्त्य धर्तीच्या बँडमध्ये मात्र निरनिराळी वाद्ये एकाच क्षणी वेगवेगळे स्वर धरतात. मींड आणि हरकतींनी नटलेली चाल तेथे अडखळते.

५/८
कृष्णरावांनी तक्रार केली नाही. त्यांनी चाल बांधली. झिंझोटीच्या अंगाची, समूहाला गाता येईल अशी. ती मुंबईच्या पोलीस बँडकडून बसवून घेतली आणि दिल्लीत संविधान सभेच्या सदस्यांपुढे प्रात्यक्षिक दिले.

६/८
२४ जानेवारी १९५० रोजी राजेंद्रप्रसादांनी निवेदन केले: ‘जन गण मन’ राष्ट्रगीत, ‘वंदे मातरम्’ला समान सन्मान. मतदान झाले नाही.

७/८
येथे एक गोष्ट विसरली जाते. १९३७ सालीच काँग्रेस कार्यकारिणीने या गीताची पहिली दोनच कडवी गावीत असे ठरवले होते. तो प्रश्न शब्दांतील देवीरूपकाचा होता, स्वरांचा नव्हे. चालीवरील आक्षेपाला संगीतकार उत्तर देऊ शकतो. शब्दांवरील मतभेद मिटवणे त्याच्या हाती नसते.

८/८
म्हणून कृष्णराव हरले, असे मला वाटत नाही. जो प्रश्न त्यांच्या विद्येच्या कक्षेत होता, तो त्यांनी वाजवून सोडवला. १९७१ साली पद्मभूषण मिळाले, १९७४ साली ते गेले. आज त्यांचे नाव घोषणेसाठी वापरणाऱ्यांनी आणि त्या घोषणेला वैतागून त्यांनाच विसरणाऱ्यांनीही, आधी त्यांची चाल शांतपणे ऐकावी. ऐतिहासिक साधन केवळ कागदावरच असते असे नाही.