चुकलेला नंबर

आमच्याकडे दवाखान्याची अपॉइंटमेंट कोणी घेत नाही, नंबर लावतात. "मिरजेला नंबर लावलाय" म्हटले की घरात सगळ्यांना कळते. नंबर चुकला तरी सगळ्यांना कळते, फक्त त्यावर कोणी बोलत नाही. हा अंक हाती पडेल तेव्हा रजब चालू असेल आणि रमजानला दीडेक महिना उरला असेल, म्हणून आज त्यावरच बोलू.

आमची अम्मी सांगलीला असते, आम्ही नोकरीमुळे साताऱ्यात. तिला चौदा वर्षांपासून साखर आहे. डोळ्यांच्या मागच्या पडद्यावर तिचा परिणाम दिसू लागला, म्हणून मिरजेच्या एका डॉक्टरांनी उजव्या डोळ्याला लेझर केले आणि डाव्यासाठी पुढची तारीख दिली. ती तारीख नेमकी भाच्याच्या वलीम्याच्या दिवशी आली. "इन्शाअल्लाह, पुढच्या आठवड्यात जाऊ," असे ठरले. दवाखान्यात फोन करून येत नाही म्हणून सांगावे, हे कोणालाच सुचले नाही. आम्हालाही नाही, आणि आम्ही शाळेत मुलांना रजेचा अर्ज कसा लिहावा ते शिकवतो!

आठवड्याने फोन केला, तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, "तुमचा नंबर गेल्या सोमवारीच होता. आला का नाही? आता डॉक्टर रागावतील." फोन स्पीकरवर होता. अम्मीने ते ऐकले आणि विषय तिथेच संपला. मग कधी गुडघे दुखत होते, कधी ऊन होते, कधी एसटीला गर्दी. सात महिने गेले. एक दिवस सुईत दोरा ओवताना तिला डाव्या डोळ्यापुढे काळे जाळे दिसू लागले. डोळ्याच्या आत रक्त उतरले होते. उपचार झाले, थोडी नजर परत आली, सगळी आली नाही. आम्ही ज्यांना इतके घाबरत होतो ते डॉक्टर एवढेच म्हणाले, "मध्ये कुठे होतात?"

नुकसान वलीम्याने झाले नाही. एक आठवडा उशीर तो डोळा बहुधा सोसून गेला असता. नंतरचे सात महिने तिची वाट अडवली ती शरमेने.

हे आम्हाला लवकर कळायला हवे होते, कारण आमच्या वर्गात ते रोज दिसते. दोन दिवस गैरहजर राहिलेला मुलगा तिसऱ्या दिवशी येतो. दारातच "कुठे उलथला होतास?" असे विचारले, की पुढच्या वेळी तो दोनाचे पाच दिवस करतो. "आलास? बस, गणित इथपर्यंत आलंय," म्हटले की तो बसतो. पहिली दहा वर्षे आम्हीही दारातच विचारत होतो.

आता दवाखान्याची बाजू. डॉ. विल्यम वानलेस यांनी 1894 साली मिरजेत मिशनचे इस्पितळ उभे केले आणि हे गाव दवाखान्यांचे म्हणून नावारूपाला आले. आजही जत, कवठेमहांकाळ, पलीकडून अथणी, चिकोडीची माणसे पहाटेच्या गाडीने येतात. कोणी आधी मीरासाहेबांच्या दर्ग्यात फातिहा पढतात आणि मग केस पेपर काढतात. नंबर घेतलेल्यांतले काही जण येणार नाहीत हे काउंटरला अनुभवाने ठाऊक असते, म्हणून दहाच्या वेळेला तीन नावे लिहिली जातात. एखाद्या दिवशी तिघेही येतात. मग अथणीची म्हातारी तीन वाजेपर्यंत बाकावर बसते, तिची परतीची गाडी जाते आणि पुढच्या तारखेला ती येत नाही. न येणाऱ्यांमुळे गर्दी आणि गर्दीमुळे न येणारे, असे हे चक्र आहे. दवाखानेही काही कमी करत नाहीत. एकदा आम्ही रजा टाकून साताऱ्याहून निघालो, पोचलो तर दाराला पाटी: डॉक्टर बाहेरगावी गेले आहेत. आमचा नंबर त्यांच्या वहीत होता, पण एक फोन कोणी केला नाही.

सरकारी कामाला आपण नावे ठेवतो, पण या एका बाबतीत त्यांच्याकडून शिकण्यासारखे आहे. क्षयाच्या रुग्णाने औषध चुकवले तर आरोग्य कर्मचाऱ्याने त्याच्या घरी जाऊन चौकशी करायची, अशी पद्धतच आहे. साध्या क्षयाचे औषध सहा महिने चालते आणि मध्येच सोडले तर जंतू त्याला दाद देईनासे होऊ शकतात, म्हणून रुग्णाची वाट पाहत बसून चालत नाही. बाळाला 6, 10 आणि 14 आठवड्यांची लस चुकली तर आशाताई दारात येतात. 2014 च्या डिसेंबरात सुरू झालेले मिशन इंद्रधनुष अशा सुटलेल्या मुलांसाठीच आहे. इथे एक गैरसमज काढून टाकू. तारीख हुकली म्हणून लसी पहिल्यापासून द्याव्या लागत नाहीत, राहिली तिथून पुढे देतात. आमच्या मोहल्ल्यातली एक सून "आता काय उपयोग" म्हणून तीन महिने घरी बसली होती. गरोदर बायकांच्या तपासणीसाठी 2016 पासून दर महिन्याची 9 तारीख ठरलेली आहे, ती विसरायलाही अवघड.

रमजानात नंबर सर्वांत जास्त चुकतात. रोजा असताना मिरजेला कोण जाणार, आणि रक्त काढले तर रोजा तुटेल ही धास्ती. तपासणीपुरते रक्त दिल्याने रोजा तुटत नाही असे बहुतेक उलेमा सांगतात, शंका असेल तर आपल्या मौलानांना विचारून घ्यावे. पण खरे काम रमजानच्या आधीचे आहे. साखरेच्या रुग्णाने सहा ते आठ आठवडे अगोदर डॉक्टरांना भेटावे, म्हणजे रोजे ठेवता येतील का आणि सहेरी-इफ्तारच्या वेळेला गोळ्या-इन्सुलिन कसे बदलायचे ते ठरते. आजाऱ्याला रोजे नंतर ठेवण्याची मुभा सूरह बकरामध्येच आहे, तेव्हा डॉक्टर नाही म्हणतील या भीतीने नंबर टाळण्यात अर्थ नाही.

घरात आम्ही आता एवढेच करतो. केस पेपरचा फोटो तिघा भावंडांच्या मोबाइलमध्ये असतो. तारीख स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहितो. जमणार नसेल तर आदल्या दिवशी फोन करतो. आणि तारीख हुकलीच, तर पुढचा फोन अम्मीला करू देत नाही, आम्ही करतो. बोलणी खायची ती आम्ही खाऊ. इन्शाअल्लाह म्हणतोच, पण वेळ आणि गाडी ठरवून म्हणतो.

अम्मीचा पुढचा नंबर 14 तारखेचा होता. त्या दिवशी आमच्या शाळेची तपासणी निघाली. काल फोन करून तो 16 ला करून घेतला. काउंटरवरची मुलगी तीच होती. म्हणाली, "बरं झालं सांगितलंत मॅडम, जतचे एक आजोबा मघापासून चौदा तारीखच मागत होते."