भूप, देशकार आणि माझं इफ-एल्स

तर झालं असं की, गेल्या शनिवारी सकाळी सकाळी ताईचा फोन. माझ्या भाचीची (वय वर्षे अकरा) गाण्याची परीक्षा पंधरा दिवसांवर आलीय आणि तिने घरात जाहीर केलंय की एकदा ही परीक्षा झाली की क्लास बंद. कारण? थिअरी. "तू इंजिनिअर ना, मग थिअरीचं तूच बघ," इति ताई. (आमच्या घरात इंजिनिअर माणसाला गीझरपासून गंधारापर्यंत काहीही विचारता येतं.)

गेलो. पोरगी पुढे-मागे डोलत पाठ करत होती. नाद म्हणजे काय, स्वर म्हणजे काय, सप्तक, थाट, राग, जाती, वादी, संवादी... प्रत्येकाला दोन ओळी. रागाची व्याख्या तर सरळ अटींची यादी. थाटातून निघालेला असावा, कमीत कमी पाच स्वर असावेत, सा कधी वर्ज्य नसावा, म आणि प दोन्ही एकदम वर्ज्य नसावेत. मी विचारलं, "यातलं तुला काय कळलं?" तर म्हणाली, "कळायचं कुठे असतं मामा, लिहायचं असतं!"

मी हसलो खरा, पण जरा लागलंच. कारण ह्याच यादीवर विसंबून मी एकदा चांगलाच तोंडावर आपटलोय.

कॉलेजला असताना मिनी प्रोजेक्ट म्हणून मी राग ओळखणारा प्रोग्रॅम लिहिला होता. कल्पना एकदम सोपी. पेटीवर वाजवलेला तुकडा घ्यायचा, एफएफटी करून कंपनसंख्या काढायच्या, कोणते स्वर लागलेत ते बघायचं आणि टेबलमधून रागाचं नाव उचलायचं. पहिली अडचण 'सा' ची आली. आपला सा म्हणजे काही ठरलेली कंपनसंख्या नव्हे. कुणी काळी एकमध्ये गातो, कुणी पांढरी पाचमध्ये, आणि गाणाऱ्याने सा बदलला की बाकीचे सगळे त्याच्यामागून सरकतात. म्हणजे पट्टी आधी सांगावी लागणार. ठीक आहे, एक इनपुट वाढवला. मग प्रोग्रॅम झकास चालायला लागला. यमन, भैरव, मालकंस, धडाधड ओळखत होता.

आणि मग एका मित्राने देशकार वाजवला. उत्तर आलं, भूप. पुन्हा वाजवला. भूप.

बग शोधण्यात दोन रात्री घातल्या. बग नव्हताच. भूपात सा रे ग प ध, देशकारात सा रे ग प ध. सगळे शुद्ध, जातीही एकच, औडव-औडव. वादी-संवादी मात्र उलटे, भूपाचा वादी ग आणि संवादी ध, देशकाराचं बरोबर याच्या उलट. पण वादी म्हणजे महत्त्वाचा स्वर, आणि 'महत्त्वाचा' हे कोडमध्ये कसं लिहिणार? शेवटी सबमिशनच्या आदल्या रात्री मी दिवसाची वेळ इनपुटमध्ये घेतली. भूप रात्री गातात, देशकार सकाळी. सकाळ असेल तर देशकार, एल्स भूप. मार्क मिळाले. लाज अजून वाटते.

गंमत पुढेच आहे. पुस्तकात भूप कल्याण थाटात आहे आणि देशकार बिलावल थाटात. या दोन थाटांत फरक एकाच स्वराचा, कल्याणात मध्यम तीव्र आणि बिलावलात शुद्ध. आणि मध्यम तर या दोन्ही रागांत औषधालाही नाही! मग वेगवेगळ्या घरांत टाकले कशावरून? चालीवरून. भूप खाली रमतो, गंधारावर निवांत बसतो, कल्याणच्या ढंगाने चालतो. देशकार वरच्या अंगाचा, धैवतावर उभा राहून बोलतो, आणि रिषभाला फारसा भाव देत नाही. हे सगळं कानाला आधी कळतं. यादीत ते मावत नाही.

हे कुणा बारीकसारीक अपवादाबद्दल चाललंय असं समजू नका. मारवा, पूरिया, सोहनी या तिघांचेही स्वर एकच आहेत. तालाचंही तेच. सोळा मात्रा म्हणजे त्रिताल, असं पाठ करून बसलात तर तिलवाडा समोर येतो, त्याच सोळा मात्रा, टाळी-खालीही तिथेच, वजन वेगळं. चौदा मात्रा म्हटलं तर दीपचंदी, झुमरा, आडाचौताल, धमार यातला कुठला? मात्रा मोजून ताल कळत नाही, तसाच स्वर मोजून राग कळत नाही.

मग या व्याख्या लिहिणारे भातखंडे चुकले का? अजिबात नाही. उलट हा माणूस मला फार आपला वाटतो. पेशाने वकील, आणि नाद हा की देशभर हिंडून उस्तादांकडून बंदिशी गोळा करायच्या, ऐकायच्या, लिहून ठेवायच्या. हिशेब बघा. रे, ग, म, ध, नी या पाच स्वरांची प्रत्येकी दोन रूपं, एका थाटात प्रत्येकाचं एकच घ्यायचं, म्हणजे 2 चा पाचवा घात, 32 थाट होतात. त्यांनी ठेवले 10. का? कारण प्रत्यक्ष गायले जाणारे राग तेवढ्यात बसत होते (बसले नाहीत ते थोडे दाबून बसवले, असो). 'क्रमिक पुस्तक मालिके'चे सहा भाग, तेही मराठीत. पण क्रम लक्षात घ्या. त्यांनी आधी ढीगभर ऐकलं आणि मग सूची केली. आपण पोरांच्या हातात आधी सूची देतो, आणि ऐकणं? ते जमलं तर, सुट्टीत.

माझं म्हणणं एवढंच आहे. व्याख्या काढून टाकू नका, नंतर सांगा. 'वादी' हा शब्द फार कामाचा आहे, पण ज्याच्या कानात दोन राग भांडतायत त्याच्या कामाचा. भांडण लागायच्या आधीच निकाल पाठ करून घेतला तर पोरं कंटाळणारच. पुढच्या परीक्षांत स्वरसमूहावरून राग ओळखायला सांगतात म्हणे, पण तेसुद्धा कागदावर छापलेल्या स्वरांवरून! दोन तुकडे ऐकवा आणि फरक विचारा. चार वाक्यांत येईल तसा लिहू द्या. बाबूजींचं 'ज्योती कलश' भूपात की देशकारात यावर मोठी माणसं अजून हमरीतुमरीवर येतात. गाणं 1961 चं. त्या भांडणात जेवढी थिअरी शिकायला मिळते तेवढी कुठल्या गाइडमध्ये नसेल.

तर त्या शनिवारी पुस्तक मिटलं. फोनवर आधी किशोरीताईंचा भूप लावला, मग एक देशकार. नावं सांगितली नाहीत. दहा-बारा मिनिटं ती नखं कुरतडत बसली होती. मग म्हणाली, "पहिल्यात ते ग वर येऊन बसतात. दुसऱ्यात ग वरनं नुसतेच जातात, आणि वर ध ला जाऊन थांबतात. दुसरं जरा... जागं आहे."

मी सांगितलं, तू आत्ता जे बोललीस त्याला वादी म्हणतात.

"हां, ते होय!" म्हणाली. आणि लगेच, "पण मग पेपरात हे असं लिहिलं तर मार्क देतील?"

म्हटलं, पेपरात गाइडमधलंच लिही. क्लास बंदचं काय ठरलं ते मी विचारलं नाही, तीही बोलली नाही. निघताना बघितलं तर बाईसाहेब पेटी पुढ्यात ओढून धैवत धरून बसल्या होत्या, आणि पुस्तक सोफ्यावर पालथं पडलं होतं.