मागच्याचा चिखल

दिवाळीच्या अंकात सायकलच्या मडगार्डवर लिहिणारा हा कोण शहाणा, असे वाचक म्हणतील. म्हणोत बापडे! उटणे, आकाशकंदील आणि चकल्या यांची बाजू घ्यायला पुष्कळ लेखण्या आहेत. मडगार्डला कोणी वाली नाही, आणि मला तर त्याची माफीच मागायची आहे.

सोलापूरहून होटगी सुमारे १५ किलोमीटर. गेल्या वर्षी डॉक्टरांनी मला साखर सांगितली, तेव्हा दर रविवारी पहाटे सायकलने होटगीला जाऊन यायचे असे लेकीने ठरवून टाकले. तिच्या सायकलसारखीच माझ्यासाठीही तिने सायकल निवडली. हलकी, बारीक टायरची, शर्यतीच्या वळणाची. आमच्या वडिलांच्या काळ्या सायकलला लोखंडी मडगार्ड आणि त्याच्या शेपटीला पांढरा पट्टा जन्मजात होता. या नव्या सायकली मात्र वजन वाचवतात, म्हणून त्या बोडक्याच येतात. दुकानदाराने विचारले, "मडगार्ड हवेत?" मी ऐटीत म्हणालो, "आमच्या सोलापुरात पाऊसच कुठे पडतो?"

पाऊस कमी पडतो, हे खरे. पण तो उशिरा येतो. सप्टेंबर हा इथला सर्वांत पावसाचा महिना, आणि परतीचे ढग चित्रा-स्वातीपर्यंत रेंगाळतात. त्याच ओलीवर आमची रब्बीची ज्वारी उभी राहते. शिवाय थंडीत उसाला सोडलेले पाणी बांध ओलांडून रस्त्यावर येते ते वेगळेच.

अशाच एका रविवारी रस्ता ओला होता. मी पुढे, लेक मागे. मी रंगात येऊन काहीतरी गुणगुणत होतो. होटगी स्टेशनाजवळ चहाला उतरलो, वळून पाहतो तो पोरीचा चष्मा, तोंड, ओढणी सगळे काळ्या मातीने सारवलेले! "अगं, हाक का नाही मारलीस?" मी ओरडलो. चष्मा पुसत ती म्हणाली, "बाबा, आई गेल्यापासून तुम्ही पहिल्यांदाच गुणगुणत होता."

चहा मला कडू लागला. चाकाची रीतच अशी आहे. पुढचे चाक आपल्या पायांवर आणि साखळीवर उडवते. मागचे चाक आपल्या पाठीवर आणि मागून येणाऱ्याच्या तोंडावर उडवते. पुढच्याला त्यातले काही दिसत नाही.

पुढे ती शिकायला पुण्याला गेली. आता दिवाळीला येते आहे, म्हणून पंधरा दिवसांपूर्वी मी मडगार्ड आणले आणि स्वतःच बसवले. टायरला अगदी चिकटून, कसे रुबाबदार दिसावेत! होटगीच्या अलीकडे एका कच्च्या वाटेवर वळलो आणि शंभर पावलांत पुढचे चाक जागीच थांबले. मी मात्र थांबलो नाही. कोपर सोलून, सायकल खांद्यावर घेऊन गावातल्या सायकलवाल्याकडे गेलो. त्याने चाकाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, "गुरुजी, ही काळी माती आहे. तिला जागा द्या, नाहीतर ती जागा घेते."

जागेची किंमत होटगीकरांना कोणी शिकवायला नको. गदगकडून येणारी मीटरगेज आणि मुंबईकडून येणारी ब्रॉडगेज याच जंक्शनात भेटत. एकीचे रूळ १ मीटर अंतराचे, दुसरीचे १.६७६ मीटर. एकीची गाडी दुसरीच्या रुळावर कशी जाणार? माणसांना गाडी बदलावी लागे, पोती उतरवून पुन्हा चढवावी लागत. आता तो मार्गही रुंद झाला आहे. पण माप जमत नाही तिथे जोर चालत नाही, हे काही बदललेले नाही.

सायकलवाल्याने सगळे उतरवले आणि नव्याने बसवले. टायर २८ मिलिमीटरचा, तर मडगार्ड त्याहून निदान १० मिलिमीटर रुंद हवे. टायर आणि मडगार्ड यांच्यात सगळीकडे करंगळीभर जागा हवी. ब्रेकखाली तेवढी जागा नसेल, तर टायर एक माप बारीक घ्यावा, किंवा पट्ट्यांनी बांधायचे अर्धे मडगार्ड वापरावे. सळ्यांच्या बोल्टखाली रबरी वायसर घातला की खडखड थांबते. पुढच्या मडगार्डच्या सळ्या मात्र झटका बसताच सुटणाऱ्या घ्याव्यात. कारण उसाची कांडी किंवा बाभळीची काटकी चाकाबरोबर वर ओढली गेली, तर पक्के मडगार्ड दुमडते आणि चाक अडते. मागच्या मडगार्डच्या टोकाला त्याने जुन्या ट्यूबचा तुकडा लावला, जमिनीपासून वीतभर उंचीवर. "हा कशाला?" मी विचारले. "हा तुमच्यासाठी नाही," तो म्हणाला, "मागच्यासाठी." आणि इतके करूनही, ओल्या काळ्या रानात सायकल घालायचीच नाही, अशी ताकीद दिली.

भाऊबीज झाली की पहिल्या रविवारी आम्ही दोघे निघणार आहोत. माझी सायकल आता सभ्य झाली आहे. लेकीच्या सायकलला मात्र मी मडगार्ड बसवलेले नाहीत. आणून ठेवले आहेत, पण ते सोमवारी बसतील. त्या रविवारी ती पुढे असेल आणि मी मागे.