घरच्या ध्वनिमुद्रणासाठी प्रोसेसर कसा निवडावा?

ध्वनिमुद्रण म्हटले की एके काळी मोठा स्टुडिओच डोळ्यांसमोर येत असे. आज घरातील एखादी शांत खोली, माइक, ऑडिओ इंटरफेस व संगणक एवढ्या सामग्रीवर अभंग किंवा भावगीत उत्तम रीतीने मुद्रित करता येते. मात्र या सामग्रीतील सर्वांत महाग वस्तू बहुधा संगणक हीच असते, आणि कुटुंबाची पुंजी नको तेथे खर्ची पडण्याचा संभवही त्याचा प्रोसेसर निवडतानाच अधिक असतो.

प्रथम या प्रोसेसरचे काम समजून घेऊ. ध्वनी संगणकात साठविला जातो तो सामान्यतः सेकंदाला ४८,००० नमुन्यांच्या रूपाने. हे नमुने लहान लहान गटांनी प्रोसेसरकडे जातात. अशा गटास बफर म्हणतात. बफर १२८ नमुन्यांचा असेल, तर त्यावरील सर्व संस्कार सुमारे २.७ मिलिसेकंदांत पुरे व्हावे लागतात. ही मुदत टळली की आवाजात ‘टक्’ असा खटका येतो. बफर मोठा केल्यास मुदत वाढते खरी. पण गायकास स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये उशिरा ऐकू येऊन त्याची लय ढळते. म्हणून येथे प्रश्न आहे तो काम वेळेवर होण्याचा.

दुकानात कोअरच्या संख्येचे मोठे कौतुक होते. परंतु एकाच ट्रॅकवर एकामागून एक चढविलेले संस्कार बहुधा एकाच कोअरला करावे लागतात. निरनिराळे ट्रॅक मात्र निरनिराळ्या कोअरांत वाटले जातात. तेव्हा एका कोअरचा वेग आधी पाहावा, संख्या मागाहून. गिगाहर्ट्झचा आकडा एकाच पिढीच्या प्रोसेसरांत तुलनेला उपयोगी पडतो. दोन निराळ्या पिढ्यांत तो फसवा ठरतो. गळा, तंबोरा, तबला व हार्मोनियम एवढाच संच असेल, तर अलीकडच्या पिढीचा मध्यम किमतीचा सहा कोअरचा प्रोसेसर पुरेसा होतो. तंतुवाद्यांचे मोठे ताफे संगणकातच उभे करावयाचे असतील, तरच अधिक कोअर व अधिक मेमरी यांचा विचार करावा.

उष्णतेकडेही दुर्लक्ष नको. पातळ लॅपटॉप तापला की त्याचा प्रोसेसर आपला वेग आपणच कमी करतो, आणि त्याच्या पंख्याची घरघर माइक इमानाने टिपून घेतो. इंटेलच्या लॅपटॉप-प्रोसेसरच्या नावाशेवटी ‘यू’ असल्यास तो कमी वीज घेणारा, तर ‘एच’ असल्यास अधिक सामर्थ्याचा व अधिक तापणारा समजावा. टेबलावरील संगणकासाठी ‘एफ’ अक्षराचा प्रोसेसर घेतल्यास ग्राफिक्स कार्ड निराळे घ्यावे लागते, हेही ध्यानी असू द्या.

आणखी एक गोष्ट खरेदीपूर्वी अवश्य पाहावी. आपल्या इंटरफेसमध्ये ‘डायरेक्ट मॉनिटरिंग’ची सोय असेल, तर गायकाचा आवाज संगणकाची फेरी न करता थेट हेडफोनमध्ये येतो. मग मुद्रणाच्या वेळी बफर मोठा ठेवला तरी बिघडत नाही आणि साधा प्रोसेसरही काम निभावून नेतो. वाचलेल्या पैशांत चांगला माइक व खोलीसाठी जाड पडदे घ्यावेत. घुमणाऱ्या खोलीचा दोष कोणताही प्रोसेसर पूर्णपणे दूर करू शकत नाही.