शिवू नकोस!

लाडू वाढताना आपण पाहुण्याला विचारतो. आग्रह एकदा, फार तर दोनदा; त्याने ताटावर हात आडवा धरला की वाढणारी मागे फिरते. मात्र त्याच पाहुण्याने घरातल्या पोराचा गाल चिमटीत धरावा, यासाठी कुणाला काही विचारावे लागत नाही!

गेल्या भाऊबीजेला माझे धाकटे बंधू आले. माझी सहा वर्षांची नात त्यांचा हात झिडकारून "नको" म्हणाली आणि पडद्याआड गेली. "आगाऊ आहे हो!" सगळे एकदम म्हणाले. सूनबाईंनी ओशाळून तिला पुढे आणले, "मामाआजोबांना पापा दे" असा हुकूम सुटला. पोरीने तो दिला. तिचे डोळे भरले होते. मी करंज्या वाढत होते. मी वाढतच राहिले.

माझी आजी सोवळे नेसून चुलीपाशी गेली की "शिवू नकोस" एवढेच म्हणे, आणि जमदग्नी म्हणून गाजलेले आमचे आजोबाही उंबऱ्याशी थबकत. (त्याच सोवळ्याच्या नावाने माणसांना वेशीबाहेर ठेवण्याचे पापही आपण केले, संविधानाच्या १७व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली, ते योग्यच झाले. तो विटाळ दुसऱ्याला हलके लेखणारा होता. पोरीचे "नको" कुणालाच हलके लेखत नाही.) मग आजीचा शब्द मानणारे घर नातीचा का मानत नाही?

"अहो, प्रेमाचा स्पर्श तो!" असे म्हणाल. बंधूंच्या मनात पाप नव्हते, हे मी शपथेवर सांगेन. पण मन पोरीला दिसते थोडेच? बालकांच्या लैंगिक छळाविरुद्ध २०१२ चा कायदा आहे. त्यात कपड्यावरून केलेला स्पर्श बसत नाही, असे नागपूर खंडपीठाने जानेवारी २०२१ मध्ये ठरवले; हेतू महत्त्वाचा, त्वचेला त्वचा लागणे नव्हे, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी १८ नोव्हेंबरला तो निकाल फिरवला. हेतूपायी न्यायाधीशांत मतभेद होतात, तिथे सहा वर्षांची पोर काय पारख करणार? तिच्याजवळ "नको" हा एकच शब्द आहे. तो घरातच मोडून टाकला, तर बाहेर तिने काय म्हणावे?

यंदा मी बंधूंना आधीच फोन केला. "ताई, आता माझ्यावर संशय?" म्हणाले आणि फोन ठेवला. येतील की नाही, ठाऊक नाही. ओवाळणीचे तबक मात्र लावून ठेवले आहे, आणि त्यांच्या आवडीचे अनारसे पाच जास्त केले आहेत.