अपडेट का फसलं, ते खरं सांगा

विंडोजचं अपडेट फसलं की लोक आधी ‘पुन्हा प्रयत्न करा’चं बटण दाबतात. मग संगणक बंद करून सुरू करतात, ट्रबलशूटर चालवतात, डाउनलोड झालेल्या अपडेटचा फोल्डर रिकामा करतात. शेवटी कुणीतरी सांगतं, अख्खी विंडोजच नव्याने टाकून घ्या. हे उपाय खोटे नाहीत. फाइल खराब उतरली असेल तर ते लागूही पडतात. पण कोणता उपाय करायचा हे ठरतं बिघाडाच्या कारणावरून, आणि कारण ठाऊक असतं फक्त यंत्रणेला. तिने ते चुकीचं सांगितलं, तर वापरणाऱ्याची सगळी मेहनत वाया जाते. म्हणून बिघाडाचं खरं कारण सांगणं ही मला कंपनीची पहिली जबाबदारी वाटते. दुरुस्ती त्यानंतर.

मायक्रोसॉफ्टने ९ जानेवारी २०२४ रोजी विंडोज १०साठी दिलेलं केबी ५०३४४४१ हे अपडेट याचा ठळक पुरावा आहे. लॅपटॉप ज्याच्या हाती पडेल त्याला बिटलॉकरचं, म्हणजे विंडोजच्या डिस्क-एन्क्रिप्शनचं, कुलूप चुकवता येईल, अशी एक फट बुजवण्यासाठी ते होतं. म्हणजे काम महत्त्वाचं. पण असंख्य संगणकांवर ते ०एक्स८००७०६४३ हा कोड दाखवून फसू लागलं. या कोडचा अर्थ इतकाच, की इन्स्टॉलेशन अयशस्वी झालं. खरं कारण होतं जागेचं. डिस्कवर रिकव्हरीसाठी एक लपलेला विभाग (पार्टिशन) असतो आणि त्यात २५० एमबी जागा मोकळी हवी होती. सी ड्राइव्हवर शेकडो जीबी रिकामे असले तरी त्यांचा इथे उपयोग नव्हता. हा विभाग सहसा विंडोजनेच किंवा संगणक बनवणाऱ्या कंपनीने आखलेला असतो. वापरणाऱ्याने तो कधी पाहिलेलाही नसतो. जागा अपुरी असल्याचा संदेश दिसायला हवा होता, त्याऐवजी भलताच कोड दिसतो, हे पुढे मायक्रोसॉफ्टनेच मान्य केलं. ज्या संगणकात हा विभागच नव्हता, त्याला अपडेटची गरजही नव्हती. कारण कळलं असतं तर त्याचा मालक निर्धास्त झाला असता.

यावर म्हटलं जातं की सामान्य माणसाला पार्टिशन काय कळणार? मला हा युक्तिवाद पटत नाही. ‘रिकव्हरी विभागात जागा कमी आहे’ हे एक वाक्य दुरुस्ती करणाऱ्या पोराला दाखवलं, तरी त्याचे तास वाचतात आणि ग्राहकाचे पैसेही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: जगभर इतक्या तऱ्हांचे संगणक आहेत, प्रत्येकाची रचना आधी कशी तपासणार? पण इथे मोकळी जागा मोजण्याचाच प्रश्न होता. उलट कंपनीने सुचवलेला उपाय अवघड होता: कमांड देऊन सी ड्राइव्ह थोडा लहान करायचा, जुना रिकव्हरी विभाग पुसायचा आणि मोठा करून पुन्हा बनवायचा. त्यात एक आकडा चुकला तर भलताच विभाग पुसला जाऊ शकतो. ज्यांना हे करायचंच आहे त्यांनी आधी सगळ्या फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी आणि बिटलॉकरची रिकव्हरी की हाताशी ठेवावी. ही काळजी सोडून कमांड देऊ नये.

वैतागून अपडेटच बंद करून टाकणाऱ्यांचा राग मला समजतो, पण तो मार्ग घातक आहे. मे २०१७मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने जगभर संगणक वेठीला धरले, तेव्हा त्याने वापरलेली फट बुजवणारं अपडेट मार्चमध्येच आलेलं होतं.

ऑगस्ट २०२४मध्ये मायक्रोसॉफ्टने जानेवारीच्या अपडेटच्या जागी नवं अपडेट आणलं. रिकव्हरी विभागात पुरेशी जागा नसेल, तर ते त्या संगणकाला देऊच केलं जात नव्हतं. त्यामुळे त्या अपडेटपुरता चुकीचा कोड दिसायचा थांबला. पण अशा संगणकाचा रिकव्हरी विभाग होता तसाच राहिला, आणि तो तसा राहिलाय हे त्याच्या मालकाला अपडेटच्या पडद्यावर दिसतही नव्हतं.