जुनी पुस्तके आणि हक्कवापसीचा प्रश्न

मराठी ग्रंथव्यवहाराच्या चर्चेत स्वामित्वहक्काचा विषय बहुधा मानधनापाशीच थांबतो. आवृत्ती संपली आहे, प्रकाशक पुनर्मुद्रण करीत नाही आणि लेखकाला पुस्तक दुसऱ्याकडे देता येत नाही, या कोंडीचा विचार क्वचितच होतो. अभ्यासक्रमात नेमलेला ग्रंथ विद्यार्थी झेरॉक्स प्रतीवर वाचतात, त्यामागे पुष्कळदा हीच कोंडी असते.

१९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यात १९९४ साली दुरुस्ती झाली. करारात मुदत नसेल तर हक्कांचे हस्तांतरण पाच वर्षांपुरतेच मानावे आणि वेगळे ठरले नसेल तर वर्षभरात न वापरलेले हक्क लेखकाकडे परत जावेत, अशी तरतूद तीत आहे. परंतु कलम १९ च्या सातव्या पोटकलमाने ही दुरुस्ती १० मे १९९५ रोजी अमलात येण्यापूर्वीची हस्तांतरणे वगळली. ज्या पुस्तकांना या संरक्षणाची खरी गरज होती, नेमकी तीच बाहेर राहिली!

कलम १९अ मात्र त्या वगळणुकीत नाही. प्रकाशक हक्कांचा पुरेसा वापर करीत नसेल आणि त्यात लेखकाचा दोष नसेल, तर तक्रारीवरून हस्तांतरण रद्द होऊ शकते. 'पुरेसा' म्हणजे किती, हे कायदा सांगत नाही. मागणीनुसार एकेक प्रत छापण्याच्या आजच्या सोयीमुळे पुस्तक 'उपलब्ध' असल्याचे म्हणणे प्रकाशकाला फारच सोपे झाले आहे.

याहून मूलभूत प्रश्न असा की, हक्क मुळात गेले होते काय? हस्तांतरण लेखी व हक्कदाराच्या सहीचे असावे लागते. १९१४ च्या कायद्यातही ही अट होतीच. मराठीत कितीतरी पुस्तके केवळ शब्दावर छापली गेली. तेथे प्रकाशकाला मिळाली ती छापण्याची अनुमती; स्वामित्व लेखकाकडेच राहिले. एखादे सहीचे पोस्टकार्ड असेल, तर त्यातील मजकूर पाहावा लागेल. (हक्कदार म्हणून पत्नीचे नाव छापण्याची आपल्याकडील प्रथाही अशीच संदिग्ध आहे. केवळ नाव छापल्याने हक्क हस्तांतरित होत नाहीत.)

साने गुरुजींचे (मृत्यू १९५०) हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन २०११ पासून सर्वांना खुले आहे. जी. ए. कुलकर्णी (मृत्यू १९८७) यांच्या अशा लेखनाबाबत ही मुदत २०४७ अखेर संपेल. एवढ्या दीर्घ काळात पुराव्याचे कागद टिकणार कसे? पत्रव्यवहाराचे संपादन करताना लेखक-प्रकाशकांमधील हिशेब आणि पावत्या 'अवाङ्मयीन' म्हणून सर्रास गाळल्या जातात. एखाद्या ग्रंथाची पुढची आवृत्ती त्याच पावतीवर अवलंबून असू शकते. संशोधकांनी आणि विद्यापीठीय ग्रंथालयांनी ती जपली, तर वारसांना निदान दाखवण्यापुरता कागद हाती राहील.